परदेशच्या सेवेची शिदोरी

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत येशू ख्रिस्तानें सत्तर शिष्यांना दोघादोघांच्या जोडीनें गांवोगांव पाठविल्याची हकीगत आली आहे. निघतांना त्यांना मिळालेली ताकीद मोठी विलक्षण आहे. पैशाची पिशवी नको, झोळी नको, पायतण नको; ज्या घरीं उतराल त्याच घरीं राहा, घरें बदलीत हिंडूं नका; आणि पुढें जें वाढतील तें गोड मानून खा, असा तिचा आशय. प्रवासाला निघणाऱ्यास काय न्यावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. काय नेऊं नये आणि दुसऱ्याच्या घरीं पाहुण्यानें कसें वागावें हें सांगणारा विरळा. आणखी एक गोष्ट ही हकीगत वाचणाऱ्यांच्या लक्षांतून बहुधा निसटते. हे सत्तर जण कायमचे गेले नव्हते. नेमलेलें काम करून ते परत आले आणि काय काय घडलें तें त्यांनीं आनंदानें गुरूला सांगितलें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ती अल्प मुदतीची सेवायात्रा होती.

अशा अल्प मुदतीच्या सेवायात्रा आज ख्रिस्ती जगांत सर्वत्र चालू आहेत. कोणी दोन आठवडे, कोणी दोन महिने, कोणी वर्षभर परदेशीं जातो. त्यांत डॉक्टर आणि परिचारिका असतात, शिक्षक आणि सुतार असतात, तशीच नुकतीं कॉलेजांतून बाहेर पडलेलीं मुलेंमुलीही असतात. रजा काढून आणि बहुधा पदरचे पैसे खर्चून हीं माणसें जातात. हेतु उत्तम असतो यांत शंका नाहीं. परंतु उत्तम हेतु आणि उत्तम काम यांच्यामध्यें एक दरी असते, आणि ती तयारीनेंच भरून निघते. मुदत जितकी थोडी तितकी तयारी अधिक, हा नियम ऐकावयास उलटा वाटला तरी खरा आहे. वीस वर्षें राहणाऱ्यास स्वतःच्या चुका सुधारण्यास वीस वर्षें मिळतात. चौदा दिवस राहणाऱ्याची चूक तो परतल्यावर मागें उरते, आणि ती निस्तरण्याचें काम त्या परक्या देशांतील लोकांच्या वांट्यास येतें.

आपल्या देशांतील लोकांस मिशनरी म्हटला म्हणजे आठवतो तो जन्मभर राहणारा. विल्यम केरी १७९३ सालीं बंगालला येण्यास निघाले तेव्हां ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखांत पाय ठेवण्यास कंपनीचा परवाना लागे. तो त्यांच्यापाशीं नव्हता. परवान्यावांचून कंपनीच्या व्यापारी जहाजावर चढलेल्या केरींना सामानसुमानासह खालीं उतरावें लागलें. शेवटीं जून महिन्यांत एका डॅनिश जहाजांत त्यांना जागा मिळाली आणि नोव्हेंबरांत ते कलकत्त्यास पोंचले. या विलंबाचा एक लाभ झाला. त्यांची पत्नी डोरोथी हिनें पहिल्या खेपेस येण्याचें नाकारलें होतें. दुसऱ्या खेपेस ती मुलाबाळांसह व बहिणीसह निघाली. कागद अपुरे आणि घरच्या माणसांचें मन तयार नाहीं, या दोन अडचणी आजही परदेशीं सेवेस निघणाऱ्याच्या वाटेंत पहिल्याप्रथम उभ्या राहतात.

मुंबईचा आणि महाराष्ट्राचा संबंध येतो तो १८१२ सालापासून. त्या वर्षीं फेब्रुवारींत अमेरिकेंतील सेलम गांवीं पांच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यांत आली. त्यांपैकीं गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल यांनीं निघण्यापूर्वीं फिलाडेल्फियास वैद्यकाचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं, कारण नुसत्या उपदेशानें भागणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें होतें. न्यूएल यांची पत्नी हॅरियट हिचें वय निघतांना अवघें अठरा वर्षांचें. कलकत्त्यास कंपनी सरकारनें या मंडळींना राहूं दिलें नाहीं. समुद्रावरच तिला मूल झालें, तें गेलें; आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं मॉरिशस बेटावर तीही गेली. तेव्हां तिचें एकोणिसावें वर्ष नुकतेंच पुरें झालें होतें. हॉल आणि सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले. त्यांना परत पाठविण्याचे हुकूम सुटले, अर्जविनंत्या झाल्या, आणि अखेर राहण्याची परवानगी मिळाली. हॉल मराठी शिकले, मराठींत लिहूं लागले. आणि १८२६ सालच्या मार्चांत नाशिककडील फेरीवरून परततांना पटकीनें वाटेंतच वारले. त्या सांथींत बरोबरचीं औषधें त्यांनीं लोकांना वांटलीं होतीं.

अशा माणसांचें प्रस्थान म्हणजे घरच्यांचा कायमचा निरोप असे. विमानानें हें चित्र पालटलें. जेथें पोंचण्यास पांच महिने लागत तेथें आतां एका दिवसांत पोंचतां येतें, आणि पुढच्या पंधरवड्यांत परतही येतां येतें. १९५७ सालच्या उन्हाळी सुटींत जॉर्ज व्हर्वर नांवाचा एक अमेरिकन विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन मेक्सिकोस गेला. त्यांतून पुढें ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था निघाली. १९६० सालीं लॉरेन कनिंगहॅम यांनीं ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था काढली. तरुणांनीं थोड्या मुदतीसाठीं परदेशीं सेवेस जावें ही कल्पना या दोन संस्थांमुळें फार दूरवर पसरली.

या कल्पनेचें सर्वांत डोळ्यांत भरणारें रूप म्हणजे ‘मर्सी शिप्स’ या संस्थेचीं इस्पितळी जहाजें. तीं पाहिलीं म्हणजे तयारी या शब्दाचा अर्थ नीट उमगतो. ‘व्हिक्टोरिया’ नांवाची एक इटालियन आगबोट १९५३ सालीं बांधली गेली. इटालीहून सुएझमार्गें मुंबईस आणि पुढें हाँगकाँगपर्यंत ती उतारूंची नेआण करी. १९७८ सालीं डॉन स्टीफन्स व त्यांची पत्नी डेयॉन यांच्या पुढाकारानें ती भंगाराच्या भावांत विकत घेतली गेली आणि तिला ‘अनास्तासिस’ हें नवें नांव मिळालें. या ग्रीक शब्दाचा अर्थ पुनरुत्थान. तिच्या पोटांत शस्त्रक्रियागृहें उभारण्यांत आलीं आणि पुढें पुष्कळ वर्षें ती आफ्रिकेच्या बंदरांतून फिरली. २००७ सालीं ती निवृत्त झाली आणि गुजराथेंतील अलंगच्या किनाऱ्यावर तोडली गेली. तिच्या जागीं ‘आफ्रिका मर्सी’ आली. ती मूळची आगगाडीचे डबे वाहून नेणारी एक डॅनिश बोट. त्यानंतर आलेली ‘ग्लोबल मर्सी’ मात्र पहिल्यापासून इस्पितळ म्हणूनच बांधलेली आहे. ती १७४ मीटर लांब असून तिच्यांत सहा शस्त्रक्रियागृहें आहेत. २०२३ सालीं तिनें सेनेगालच्या डाकार बंदरांत रोग्यांच्या सेवेस आरंभ केला, आणि त्याच सालीं ती सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरांत गेली.

फाटलेले ओठ, चेहऱ्यावरील मोठमोठ्या गांठी, मोतीबिंदू, मुलांचे वांकलेले पाय, अंतर्गळ, बाळंतपणांत झालेल्या जखमा, अशा विकारांवर या जहाजांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. येथें काम करणारे डॉक्टर, परिचारिका, यंत्रज्ञ, स्वयंपाकी, सारे स्वयंसेवक. त्यांना पगार तर नाहींच, उलट स्वतःच्या राहण्याजेवणाचा खर्च त्यांनाच द्यावा लागतो. कोणी थोडे आठवडे राहतात, कोणी वर्षानुवर्षें. गॅरी पार्कर नांवाचे अमेरिकन शल्यवैद्य १९८७ सालीं थोड्या मुदतीसाठीं म्हणून या जहाजावर आले आणि पुढें कित्येक दशकें तेथेंच राहिले.

आतां असें समजूं कीं, मुंबईच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील परिचारिकेनें दोन महिन्यांसाठीं फ्रीटाऊनच्या बंदरांतील अशा जहाजावर जाण्याचें मनांत आणलें आहे. तिचें वय तीस. शस्त्रक्रियागृहांत काम करण्याचा सात-आठ वर्षांचा अनुभव. मंडळींतील पाळकसाहेबांना आनंद झाला आहे. आईला मात्र तो नाहीं.

“अगं, तुझ्या इस्पितळांत काय रोगी कमी आहेत, म्हणून समुद्र ओलांडून जायचें? इथें खाटा पुरत नाहींत म्हणून माणसें जमिनीवर निजतात, हें तूंच सांगतेस ना?”

आईचा हा प्रश्न भाबडा नाहीं. परदेशच्या सेवेच्या तयारींतील पहिला धडा हाच आहे, आणि ज्यानें त्याचें उत्तर स्वतःच्या मनाशीं दिलें नाहीं त्यानें तिकीट काढूं नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या आयोगानें २०१५ सालीं असें दाखवून दिलें कीं, जगांतील सुमारें पांच अब्ज माणसांना निर्धोक आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळूं शकत नाहीं. म्हणजे गरज तेथेंही आहे आणि येथेंही आहे. मग जावयाचें तें कशाच्या आधारावर? गरज कोठें मोठी आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. कोणतें काम करणारें माणूस तेथें मिळत नाहीं, आणि तें काम या जाणाऱ्या माणसास खरोखर येतें कीं नाहीं, हें पाहावें लागतें. जें काम तेथील परिचारिका करूं शकते तें करण्यासाठीं मुंबईहून परिचारिका नेणें हा सेवेचा विपर्यास होय. जें काम तेथें अजून बसलेलें नाहीं तें करतां करतां तेथील परिचारिकेस शिकवून यावयाचें असेल, तर तो प्रवास सार्थकीं लागण्याची आशा आहे. मुलीनें आईला हेंच सांगितलें तर आई गप्प बसेल असें नाहीं. पण मुलगी नुसत्या हौसेनें निघालेली नाहीं एवढी तिची खात्री होईल.

या प्रश्नाकडे डोळेझांक केल्यास काय होतें याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९८ सालीं मिच नांवाच्या तुफानानें मध्य अमेरिकेंतील होंडुरास देश उद्ध्वस्त केला. उत्तर अमेरिकेंतून ख्रिस्ती तरुणांचीं पथकें घरें बांधण्यास धांवलीं. पुढें कुर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञानें त्या घरांचा पाठपुरावा केला आणि २००६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाहुण्यांच्या विमानभाड्यासह हिशेब धरला तर त्यांनीं बांधलेल्या एकेका घरास सुमारें तीस हजार डॉलर लागले होते. तसलेंच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारें दोन हजार डॉलरांत बांधीत होत्या. घर कोणीं बांधलें यामुळें घरांत राहणाऱ्या कुटुंबांच्या पुढील आयुष्यांत कांहीं फरक पडलेला दिसला नाहीं. तेथील गवंडी रिकामा बसला आणि ज्याला कधीं थापी धरणें ठाऊक नाहीं असा पाहुणा भिंत रचीत राहिला, तर त्या भिंतीनें भलें कोणाचें झालें? हा हिशेब पाहून कोणी असें म्हणूं नये कीं परदेशीं जाऊंच नये. जावें, पण आपल्या भाड्याच्या रकमेंत तेथें आणखी काय झालें असतें याचा आंकडा अगोदर मांडून मग जावें.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर तोही पुरा केला पाहिजे. मंडळी वर्गणी गोळा करते. कोणी म्हातारी आपल्या निवृत्तिवेतनांतून शंभर रुपये देते, रविवारच्या शाळेंतील मुलें खाऊचे पैसे देतात. असा पैसा खर्चतांना हात थरथरला पाहिजे. भाडें, राहण्याचा खर्च, विमा, टोंचण्या आणि औषधें यांचा वेगवेगळा हिशेब निघण्यापूर्वीं खजिनदाराच्या हातीं द्यावा आणि परतल्यावर पावत्यांसह पुरा करावा. विम्यांत आजारी माणसास परत आणण्याची तरतूद आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. हा खर्च फुकट जाणें हेंच उत्तम, पण म्हणून तो वगळूं नये.

यानंतर शरीराची तयारी. पश्चिम आफ्रिकेंत जाणाऱ्या भारतीयास पीतज्वराची लस घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. ही लस वाटेल त्या दवाखान्यांत मिळत नाहीं. सरकारनें नेमून दिलेल्या केंद्रांतच ती टोंचतात आणि तिचा पिवळा दाखला देतात. टोंचल्यापासून दहा दिवसांनीं हा दाखला लागू होतो. २०१६ सालच्या जुलैपासून तो जन्मभर चालतो. पूर्वीं त्याची मुदत दहा वर्षांची असे. ज्यांना अंड्याचें तीव्र वावडें आहे किंवा ज्यांचें वय साठाच्या पुढें आहे त्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घेणें अवश्य आहे. दाखल्यावांचून तिकडून परतणाऱ्यास भारतांत उतरतांच सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. ही केवळ कारकुनी नव्हे. पीतज्वर पसरविणारा डास आपल्याकडे मुबलक आहे. रोग मात्र अजून येथें शिरलेला नाहीं. तो येथें शिरला तर काय अनर्थ होईल याचा विचार केला म्हणजे त्या पिवळ्या कागदाची किंमत कळते.

हिंवतापासाठीं लस टोंचून प्रवासी मोकळा होत नाहीं; त्यास गोळ्या घ्याव्या लागतात. येथें पुष्कळ माणसें चुकतात. मेफ्लोक्वीनसारखी आठवड्यास एकदां घ्यावयाची गोळी निघण्याच्या दोन-तीन आठवडे अगोदर सुरू करावी लागते. डॉक्सिसायक्लीनची रोजची गोळी निघण्याच्या एक-दोन दिवस अगोदर सुरू होते. या दोन्ही गोळ्या परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. घरीं आलें, डास संपले, गोळी बंद, असें करणारा माणूस तिसऱ्या आठवड्यांत तापानें फणफणतो. कोणती गोळी कोणास सोसेल हें डॉक्टरांनींच ठरवावें. सेवेस गेलेला माणूस तेथें जाऊन आजारी पडला म्हणजे सेवा करणारा एक कमी होतो आणि सेवा घेणारा एक वाढतो, हें साधें गणित विसरूं नये.

जहाजावरील माणसास आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते, ती म्हणजे स्वतःचा रक्तगट. या जहाजांवर मोठी रक्तपेढी नसते. शस्त्रक्रियेंत रक्त लागलें म्हणजे जहाजावरील माणसांतूनच ज्याचा गट जुळेल त्यास हांक मारतात. सकाळीं जेवण वाढणाऱ्या स्वयंपाक्याचें रक्त दुपारीं एखाद्या अनोळखी शेतकऱ्याच्या अंगांत वाहूं लागतें. इस्पितळांत उपदेशाचे शब्द थोडे असतात. तेथें ख्रिस्ती सेवा बहुधा अशा मुकाट रूपानेंच दिसते.

कागदपत्रांची तयारी ही कंटाळवाणी, पण तिच्यांत कसूर झाल्यास काय प्रसंग ओढवतो तें जगानें २०१० सालीं पाहिलें. १२ जानेवारीस हैती देशांत भयंकर भूकंप झाला. अमेरिकेंतील कांहीं बाप्तिस्त मंडळींचे दहा जण मदतीस धांवले. २९ जानेवारीस तेहतीस मुलांना घेऊन शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकांत जातांना सरहद्दीवर त्यांना अटक झाली. मुलांना देशाबाहेर नेण्याचे कागद त्यांच्यापाशीं नव्हते. आणि मुलें अनाथ आहेत असें धरून चाललेलें असतां, पुढें पुष्कळांचे आईबाप जिवंत निघाले. दहांपैकीं आठ जण फेब्रुवारींत सुटले; शेवटची व्यक्ति मे महिन्यांत सुटली. त्यांच्या अंतःकरणांत दया नव्हती असें कोण म्हणेल? परंतु दयेच्या भरांत त्यांनीं त्या देशाचा कायदा, त्या देशाची दुखावलेली अब्रू आणि त्या आईबापांचा हक्क या तिन्हींची विचारपूस केली नाहीं. केरींस परवान्यावांचून जहाजावरून उतरावें लागलें, त्यांत इजा झाली ती त्यांच्या एकट्याच्या कुटुंबास. येथें मात्र परक्यांचीं मुलें गुंतलीं होतीं.

मुलांविषयीं आणखी एक सूचना अलीकडे वरचेवर केली जाते. परदेशांतील अनाथाश्रमांत आठवडाभर जाऊन मुलांशीं खेळावें, त्यांना मांडीवर घ्यावें, छायाचित्रें काढावीं आणि परत यावें, अशी एक रीत पडली होती. मूल जीव लावतें आणि पाहुणा जातो. पुन्हां नवा पाहुणा येतो, पुन्हां जातो. कोठें कोठें तर पाहुण्यांची वर्दळ टिकावी म्हणून आईबाप असलेलीं मुलें आश्रमांत आणून ठेवण्याचे प्रकार उघडकीस आले. १९१९ सालच्या युद्धोत्तर काळापासून मुलांच्या हक्कांची चर्चा चालू आहे. शंभर वर्षांनंतर, २०१९ सालच्या डिसेंबरांत, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें या स्वयंसेवेपासून मुलांस होणाऱ्या अपायाची आपल्या ठरावांत दखल घेतली. चांगल्या संस्था आतां आपल्या माणसांना निघण्यापूर्वींच बजावतात कीं, आईबापांना विचारल्यावांचून मुलाचें छायाचित्र काढूं नये, आणि रोग्याचें तर त्याच्या संमतीवांचून कधींच काढूं नये.

आतां भाषा. जहाजावर इंग्रजी चालतें आणि रोग्यांशीं बोलण्यास तेथीलच दुभाषी असतात. पण दुभाषी आहे म्हणून पाहुण्यानें मुकें राहावें असें नाहीं. सिएरा लिओनमध्यें क्रिओ ही सर्वांची भाषा आहे. ‘कुशे’ म्हणजे नमस्कार. ‘हाउ दि बॉडी?’ म्हणजे अंगांत कसें काय आहे. ‘टेंकी’ म्हणजे आभारी आहे. सेनेगालमध्यें वोलोफ भाषेंत ‘नंगा देफ?’ असें विचारलें म्हणजे ‘मांगी फी रेक’ असें उत्तर येतें. त्याचा शब्दशः अर्थ ‘मी येथें आहें, एवढेंच.’ हे चारदोन शब्द शिकण्यास फार तर एक संध्याकाळ लागेल. परंतु भूल देण्यापूर्वीं टेबलावर निजलेल्या बाईस तिच्या भाषेंतील एक शब्द ऐकूं आला, तर तिच्या मुठी सैल होतात. गॉर्डन हॉल यांनीं मराठी शिकण्यांत वर्षें घालविलीं. दोन महिन्यांच्या पाहुण्यास निदान दहा वाक्यें येऊं नयेत काय?

रीतिभातींच्या बाबतींत भारतीय माणसास कांहीं सोपें जातें. डाव्या हातानें देऊं-घेऊं नये, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, कामाचें बोलण्यापूर्वीं घरच्यांची खुशाली विचारावी, हें तिकडेही आपल्यासारखेंच आहे. पण सोपें वाटतें तेथेंच घसरण्याचा धोका. आपणही गरीब देशांतले, आपल्याला सारें कळतें, असा एक सूक्ष्म गर्व भारतीय पाहुण्याच्या मनांत शिरूं शकतो. सेनेगालमध्यें बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, सिएरा लिओनमध्येंही तेच अधिक. ते आपला धर्म जाणतात आणि पाळतात. रोगी भूल उतरून पुरता शुद्धीवर आला नाहीं तोंच त्यास धर्मोपदेश करणें म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणें होय, आणि ख्रिस्ती विवेकाचीही त्यास संमति नाहीं. विचारलें तर आपल्या श्रद्धेविषयीं मोकळेपणें सांगावें. न विचारलें तर मलमपट्टी नीट करावी.

सर्वांत कठीण तयारी मनाची. जहाज बंदरांत येतें तेव्हां रोग्यांची तपासणी करून निवड करतात. दूरदूरच्या खेड्यांतून माणसें येतात; कोणी चेहऱ्यावरची गांठ फडक्यानें झांकून, कोणी मुलाला पाठीशीं बांधून. त्यांतील पुष्कळांना ‘तुमच्या रोगावर येथें उपाय नाहीं’ असें सांगावें लागतें. परिचारिकेचे हात कितीही कुशल असोत, त्या माणसाजवळ बसून ‘नाहीं’ म्हणण्याचें कसब कोणत्याही पदविकेंत शिकवीत नाहींत. ती परत येते तेव्हां तिच्या आठवणींत बरे झालेले चेहरे असतात, पण त्यांहून अधिक काळ फाटकाशीं परत फिरलेली पाठ राहते. हें अगोदर कोणीं सांगितलेलें नसेल तर माणूस खचतो, किंवा निबर होतो. म्हणून निघण्यापूर्वीं एखाद्या अनुभवी माणसापाशीं बसून हें बोलून घ्यावें, आणि परतल्यावर पुन्हां बसावें.

बेत बदलण्याचीही तयारी पाहिजे. २०१४ सालीं ‘आफ्रिका मर्सी’ पश्चिम आफ्रिकेंत राहणार होती. इबोलाच्या सांथीमुळें ती मादागास्करला गेली. ज्यांनीं फ्रेंच आणि एका देशाची माहिती घोकली होती त्यांना ऐन वेळीं ‘मिसाओत्रा’ हा आभाराचा मालागासी शब्द शिकावा लागला. आपण ठरविलेल्या ठिकाणींच आपली गरज आहे हा हट्ट सेवकाला शोभत नाहीं.

प्रवासाची पेटी भरतांना मात्र जुनी ताकीद आठवावी. तेथें वांटण्यासाठीं जुनेर, मुदत संपत आलेलीं औषधें, ज्यांचे सुटे भाग तेथें मिळत नाहींत अशीं यंत्रें, असलें कांहीं नेऊं नये. जें आपल्या घरीं अडगळ झालें तें दुसऱ्याच्या घरीं दान होत नाहीं. काय हवें आहे हें तेथील माणसांना पत्र घालून विचारावें. पुष्कळदां उत्तर येतें कीं सामान नको. शिकवणारा माणूस पाठवा, आणि शक्य असेल तर तोच पुढच्या वर्षींही पाठवा.

आणि शेवटीं परत येणें. दोन महिने संपतात, मंडळींत सत्कार होतो, पडद्यावर चित्रें दाखवितात. होंडुरासच्या त्या पाहणींत आणखी एक गोष्ट आढळली होती: जाऊन आलेल्यांनीं आपलें आयुष्य पालटल्याचें सांगितलें, पण त्यांच्या दानांत आणि वागण्यांत टिकाऊ फरक फारसा दिसला नाहीं. तेव्हां खरी परीक्षा निघतांना होत नाहीं, ती परतल्यावर होते. ती परिचारिका मुंबईच्या आपल्या इस्पितळांत सोमवारीं पुन्हां कामावर हजर होईल. खाटा तितक्याच कमी असतील, जमिनीवर निजलेले रोगी तितकेच असतील. परराज्यांतून आलेला, मराठी न जाणणारा एखादा मजूर तेथें कण्हत असेल. त्याच्याजवळ जाऊन तिनें त्याच्या भाषेंतला एक शब्द विचारून घेतला आणि त्याच शब्दानें त्यास हांक मारली, तर आईच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें म्हणावयाचें. त्या वेळीं घरीं जेवतांना आई बहुधा एवढेंच म्हणेल, “गोळी घेतलीस ना आजची? अजून दोन आठवडे घ्यायची आहे.”